उजेडाची मात्रा

औषध पोटात गेलं किंवा शिरेतून दिलं की ते रक्ताबरोबर सगळ्या अंगभर फिरतं. दुखणं गालाच्या आतल्या बाजूला असलं तरी औषध पायाच्या नखापर्यंत पोचतंच. तापाच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. कर्करोगाची औषधं मात्र जहाल असतात. भराभर वाढणाऱ्या पेशी मारण्यासाठी ती दिली जातात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात, आतड्यात आणि हाडांच्या मगजात निरोगी पेशीही तशाच भराभर वाढत असतात. त्यांनाही ती सोडत नाहीत. केमो घेतलेल्या माणसाचे केस गळतात, तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, ते यामुळेच. औषधाने रोगाच्या जागीच काम करावं आणि बाकीच्या शरीरात गप्प राहावं, यासाठी वैद्यकाची शंभराहून अधिक वर्षं खटपट चालू आहे.

या पुस्तकाचा विषय त्या खटपटीतूनच निघालेली एक वाट आहे: प्रकाश पडल्यावरच कामाला लागणारी औषधं. ती शरीरात शिरतात, रोगट भागात साठतात आणि त्या भागावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडेपर्यंत जवळजवळ काहीच करत नाहीत. आमच्या पारनेर तालुक्यात विहीर खोदायची म्हणजे खडक फोडावा लागतो. खडकाला भोकं पाडून दारू ठासतात, सगळे लांब जातात आणि मग एक जण बॅटरीला तारा जोडतो. नुसती दारू ठासून खडक फुटत नाही. या उपचारात औषध म्हणजे ठासलेली दारू आणि प्रकाश म्हणजे जोडलेली तार. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हातात वेगवेगळ्या राहतात. औषध किती द्यायचं हे त्यांनी ठरवायचं आणि प्रकाश कुठे, कधी, किती वेळ टाकायचा हेही त्यांनीच ठरवायचं.

या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. डॉक्टर मंडळी बोलताना नुसतं पीडीटी म्हणतात आणि पुढे मीही तेच नाव वापरणार आहे. आमच्याकडे रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट घेतली’ असंही म्हणतात. त्यामुळे सुरुवातीलाच एक घोळ दूर करायला हवा. रेडिएशनमध्ये क्ष-किरणांसारखे भेदक किरण स्वतःच पेशींची मोडतोड करतात. पीडीटीतला लाल प्रकाश एरवी अंगावर पडला तर कातडीला काही होत नाही. औषध आणि प्रकाश एकत्र आले तरच रोगट पेशी मरतात.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. लाल प्रकाशाचा उपयोगी पल्ला साधारण अर्धा सेंटिमीटर, फार तर एक. म्हणजे ही औषधं पृष्ठभागावरच्या आणि पातळ रोगावर चालतात. रोग खोल रुतला किंवा इतरत्र पसरला की त्यांची सद्दी संपते. म्हणून या औषधांचं भवितव्य जेवढं प्रयोगशाळेत ठरेल, तेवढंच रोग किती लवकर कुणाच्या नजरेस पडतो यावर ठरेल. तोंडाचा कर्करोग हा आपल्या भागातला मोठा शत्रू. तो सुरू होतो पृष्ठभागावर, आणि तोही जिथे बोट घालून बघता येतं अशा जागी. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात, म्हणून हे पुस्तक.

*

प्रकाशाने एखादं द्रव्य विषारी होणं ही प्रयोगशाळेत जन्मलेली गोष्ट नाही. गुरं-मेंढरं पाळणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. चारा कमी पडला की जनावरं घाणेरीला तोंड लावतात. घाणेरीतलं विष यकृतावर घाला घालतं. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून जनावराच्या पोटात फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य तयार होतं. एरवी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत बिघडलं की ते रक्तात साचतं आणि कातडीपर्यंत येतं. मग उन्हात उभ्या असलेल्या बांड्या गाईच्या अंगावरचे पांढरे पट्टे सुजतात, त्यांना भेगा पडतात, कातडी सोलवटून निघते. शेजारचा काळा भाग बहुतेक धड राहतो, कारण काळ्या रंगामुळे प्रकाश आत शिरत नाही. अशा जनावराला पहिल्यांदा सावलीत बांधायचं असतं. अंगात साचलेलं द्रव्य, त्यावर पडणारा प्रकाश आणि त्यामुळे मरणाऱ्या पेशी, असं पीडीटीचं सगळं शास्त्र त्या गोठ्यात दिसतं. पीडीटीत हेच नेमक्या जागी आणि नेमक्या मात्रेत घडवून आणायचं असतं.

माणसानेही हे फार पूर्वी करून पाहिलं होतं. बावचीचं झुडूप दख्खनच्या माळावर, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर आपोआप उगवतं. त्याचं काळं, उग्र वासाचं बी आयुर्वेदात बाकुची या नावाने कोडावर दिलं जातं. चरकसंहितेत श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, चिकित्सेत मलपूचा, म्हणजे एका रानउंबराचा, रस गूळ घालून प्यावा आणि मग सोसेल तेवढं ऊन अंगावर घ्यावं, असा उपाय आहे. आधी औषध आणि मागून ऊन, हा क्रम त्यात स्पष्ट आहे. औषध-उन्हाच्या या जोडीमागचं रसायन कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांचं पृथक्करण प्रसिद्ध केलं आणि त्यातलं सोरालेन जगापुढे आलं. पुढे इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात नाईल नदीच्या खोऱ्यातल्या एका रानवनस्पतीतून मिळालेलं सोरालेनच कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेनची गोळी आणि दीर्घ लहरींचे अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर यशस्वी ठरली आणि ‘पुवा’ हे नाव रूढ झालं. आपल्याकडे यंत्राऐवजी ऊनच वापरतात. त्याला ‘पुवासोल’ म्हणतात.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन हा आधारगट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा चित्रपट याच विषयावरचा आहे. कोड संसर्गाने होत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही, हे अजूनही लग्न जुळवताना समजावून सांगावं लागतं. त्या दुःखापोटी लोक बावचीचं तेल मनानेच लावून उन्हात बसतात आणि फोड आणून घेतात. बावचीचं चूर्ण मनाने पोटात घेऊन यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. पुवामध्ये गोळी साधारण दोन तास आधी घ्यायची, त्या दिवशी काळा चष्मा लावायचा, उन्हाची मिनिटं हळूहळू वाढवायची आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय काहीच करायचं नाही, असा शिस्तीचा मामला असतो. वर्षानुवर्षं पुवा घेतल्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही आता माहीत झालं आहे. म्हणूनच आज पुष्कळदा औषधाशिवाय दिल्या जाणाऱ्या अरुंद पट्ट्यातल्या अतिनील किरणांना डॉक्टर पसंती देतात. वनस्पतीपासून आलं म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हा बावचीचा धडा पुढच्या सगळ्या प्रकरणांना लागू आहे.

*

पीडीटीचा आधुनिक इतिहास म्युनिकमध्ये सुरू होतो, आणि तो कापड रंगवणाऱ्या रंगांच्या रसायनातून निघतो. हेर्मान फोन टापाइनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा विद्यार्थी अॅक्रिडिन या द्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. द्रावण तेच, मात्राही तीच, तरी कधी जीव झटपट मरत आणि कधी बराच वेळ तगून राहत. फरक खोलीतल्या उजेडाचा होता. १९०० मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकला. त्याच वर्षी नील्स फिन्सेन यांना नोबेल मिळालं, ते नुसत्या प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा केल्याबद्दल. प्रकाशावर तेव्हा साऱ्या युरोपचं लक्ष होतं.

१९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्स या डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं. रक्तातल्या लाल रंगद्रव्यापासून बनणारं हे द्रव्य. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि ही उन्हाची बाधा पुढे कित्येक आठवडे टिकली. माणसाच्या शरीरात हे द्रव्य काय करतं, याचा तो पहिला पुरावा होता. मग मधली काही दशकं फार काही घडलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बफलो इथल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत थॉमस डॉगर्टी यांनी विषय पुन्हा हाती घेतला. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा अहवाल दिला. त्यातल्या १११ गाठी पूर्णपणे किंवा काही अंशी विरघळल्या होत्या. तिथून फोटोफ्रिन हे औषध उभं राहिलं. १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली.

रंगाचं रसायन आणि औषधाचं रसायन एकाच मुळाचं आहे, आणि त्या रसायनाची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या यूडीसीटी या रसायनतंत्र संस्थेचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, १९३८ पासूनचे संचालक आणि पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर लिहिलेले खंड जगभर प्रमाण मानले गेले. रंगशास्त्राचं ते काम आयसीटीत आजही चालू आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टी. पी. ए. देवसगायम आणि जे. पी. कामत यांनी ऑक्सिजनच्या ज्या रूपावर अभ्यास केला, ते रूप पीडीटीच्या मुळाशी आहे. होळकरांच्या इंदूरमध्ये, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, हरितद्रव्यापासून मिळणाऱ्या क्लोरिन पी-६ या द्रव्याचे प्रयोग तोंडाच्या कर्करोगाच्या प्राणी-प्रतिमानावर झाले. ही विद्या आपल्याला परकी नाही.

*

आता आत काय घडतं ते थोडक्यात. औषधाचा रेणू प्रकाशाचा कण शोषतो आणि त्याची ऊर्जा वाढते. ती ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. त्या ऑक्सिजनचं ‘सिंगलेट’ नावाचं अतिशय उतावीळ रूप तयार होतं आणि ते जवळ दिसेल त्याला जाळत सुटतं: पेशीचं आवरण, प्रथिनं, ऊर्जा तयार करणारे भाग. त्याचं आयुष्य सेकंदाच्या काही दशलक्षांशांचंच असतं, त्यामुळे तेवढ्या अवधीत ते एका पेशीची रुंदीही ओलांडत नाही. जिथे जन्मतं तिथेच संपतं. या उपचाराचा नेमकेपणा इथून येतो. पेशी थेट मरतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि मेलेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते, असे तीन परिणाम एकत्र साधतात. ऑक्सिजन नसेल तर मात्र काहीच होत नाही. मोठ्या गाठीच्या आतल्या भागाला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतो. तिथे हा उपचार लंगडा पडतो.

रंग लालच का? निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकतं. अंधारात टॉर्चवर तळवा ठेवला तर बोटं लाल दिसतात, कारण आरपार येतो तो फक्त लाल. आणखी पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात गेलं की प्रकाशाच्या कणात ऑक्सिजनला चेतवण्याइतकी ताकद उरत नाही. म्हणून साधारण ६०० ते ८०० नॅनोमीटर हीच कामाची पट्टी. फोटोफ्रिनला ६३० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, डोळ्यांसाठीच्या व्हर्टेपोर्फिनला ६८९ चा.

या सगळ्या औषधांत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते अमायनोलेव्ह्युलिनिक आम्ल, म्हणजे एएलए. ते आपलं शरीर रोज तयार करतं. रक्ताचा लाल रंग बनवण्याच्या साखळीतली ती सुरुवातीची कडी आहे. ते बाहेरून जास्त दिलं की पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवत राहतात. निरोगी पेशी पुढची पायरी ओलांडून त्याचा लाल रंग करून मोकळ्या होतात. पुष्कळ कर्करोगपेशींना ती पायरी तितकी जमत नाही आणि त्यांच्यात प्रोटोपॉर्फिरिन तुंबतं. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये जेम्स केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे उपचारात आणलं. गंमत अशी की याच द्रव्यावर जांभळट-निळा प्रकाश टाकला तर ते लाल चमकतं. त्यामुळे एकाच औषधाने रोग कुठवर पसरला आहे ते दिसतं आणि तोच रोग मारताही येतो. मेंदूच्या गाठी काढताना शल्यविशारद रुग्णाला हे आधी पाजतात आणि निळ्या प्रकाशात लाल दिसेल तेवढं कापतात.

कर्करोगाबाहेरही ही औषधं रुळली आहेत. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून मधली नजर जाते; त्यावर २००० साली व्हर्टेपोर्फिन आलं. पुढे डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी त्याची जागा बरीचशी घेतली, तरी काही विकारांत ते अजून लागतं. त्वचेच्या एका प्रकारच्या लसिकापेशी-कर्करोगात रुग्णाचं रक्त बाहेर काढून पांढऱ्या पेशींना सोरालेन आणि अतिनील किरण देतात आणि रक्त परत शरीरात सोडतात. रिचर्ड एडेलसन यांनी १९८७ मध्ये मांडलेला हा उपचार पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्य झाला. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. हिसाताका कोबायाशी यांच्या संशोधनातून आलेल्या औषधात प्रकाश शोषणारा रंग एका प्रतिपिंडाला जोडलेला आहे. प्रतिपिंड कर्करोगपेशी शोधून तिला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी लाल प्रकाश टाकला की ती पेशी फुटते. डोकं आणि मान या भागातल्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगासाठी तिथे ते वापरलं जातं.

*

सुप्यात माझं औषधांचं दुकान आहे. पुणे-नगर रस्त्यावरचं हे गाव आता एमआयडीसीचं गाव झालं आहे. दुकानात तिन्ही पाळ्यांतली माणसं येतात. त्यांच्यातलं एक मागणं माझ्या ओळखीचं झालं आहे: “तोंड आलंय, जेल द्या. आणि बी-कॉम्प्लेक्स.” जेलची नळी संपते, माणूस पुन्हा येतो, तेच मागतो. विचारलं की कळतं, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा चालू आहे. हल्ली भाजी तिखट लागते, जांभई देताना जबडा ओढतो. मी आता अशा गिऱ्हाइकाला आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघायला सांगतो. कित्येकांची दोनच जातात. गालाच्या आत ताठरपणा आला की तोंड असं आखडतं. बायकांच्या बाबतीत हेच मिश्रीमुळे होतं, पण त्या दुकानात येऊन सांगतही नाहीत.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच आहेत; चघळणारे, मळणारे, घासणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू, सुपारी आणि चुना यांची गाठ काही सुटलेली नाही. गालात धरलेल्या त्या गोळीखाली अस्तर बदलत जातं. आधी पांढरा किंवा लालसर चट्टा येतो, मग पंधरा दिवसांतही न भरणारी जखम होते, मग गाठ. सुरुवातीच्या टप्प्यात ना ठणका असतो ना ताप, म्हणून माणूस कामावर जात राहतो. गाठ मानेत उतरल्यावर मुंबईचा रस्ता धरला जातो, तेव्हा जबड्याचा भाग काढण्यावाचून इलाज नसतो.

पीडीटीची खरी जागा त्या आधीच्या टप्प्यावर आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात यावर महत्त्वाचं काम झालं. हार्वर्डच्या तय्यबा हसन आणि बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जोनाथन चेली यांच्या गटांबरोबर तिथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगाच्या तीसेक रुग्णांवर उपचार केले. रुग्णाने एएलएचं द्रावण प्यायचं, चट्टा लाल चमकतो का ते स्मार्टफोनला जोडलेल्या साधनाने पाहायचं आणि मग बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी दिव्याचा लाल प्रकाश तोंडातच द्यायचा. लाखो रुपयांच्या लेझरची गरज नाही, वीज गेली म्हणून काम थांबत नाही. जबडा शाबूत राहतो, गिळणं-बोलणं बिघडत नाही आणि गरज पडली तर तोच उपचार पुन्हा करता येतो, कारण रेडिएशनसारखी आयुष्यभराची मर्यादा इथे नसते. हे काम अजून लहान आहे. तोंडाच्या कर्करोगाचा प्रमाण उपचार आजही शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हाच आहे, आणि डॉक्टरांनी तो सांगितला असेल तर कुणी या पुस्तकाच्या भरवशावर पुढे ढकलू नये. हे मी हात जोडून सांगतो.

लवकर शोधल्याने काय साधतं, याचा पुरावा मात्र मोठा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उघड्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. आणखी जवळचं उदाहरण बार्शीचं. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. बार्शीचा भाग आपल्यासारखाच कोरडवाहू आहे. तिथे जे जमलं ते पारनेरला न जमण्याचं कारण नाही.

*

या औषधांच्या मर्यादा आणि पथ्यं यांच्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते कुणी गाळू नये. औषध फोटोफ्रिनसारखं असेल तर ते शिरेतून देतात, दोनेक दिवस थांबतात आणि मग प्रकाश देतात. पण औषध कातडीत आणि डोळ्यांत किमान ३० दिवस राहतं. तेवढे दिवस ऊन टाळायचं. सनस्क्रीन इथे कामाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि इथे भाजतो तो साधा दिसणारा प्रकाश. अंगभर कपडे, रुंद काठाची टोपी, गडद चष्मा, आणि पत्र्याच्या घरात भोकांतून येणारे कवडसेसुद्धा बुजवायचे. शस्त्रक्रियेचा प्रखर दिवा किंवा बोटाला बराच वेळ लावलेलं ऑक्सिमीटरही भाजवू शकतं, म्हणून दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलं तर आधी सांगायचं. मात्र काळोख्या खोलीत कोंडूनही घ्यायचं नाही. घरातल्या मंद उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं, त्यामुळे तो उजेड हवाच. महिनाभराने हाताचा छोटा भाग दहा मिनिटं उन्हात धरून बघायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत लाली-सूज आली नाही तरच बाहेर पडायला सुरुवात करायची. एएलए पोटात घेतलं तर हे पथ्य एक-दोन दिवसांवर येतं. शेतात आणि रस्त्यावर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. महिनाभराची मजुरी बुडणं आणि दोन दिवस घरी बसणं यांतून गरीब माणूस उपचार घेईल की नाही ते ठरतं.

पसरलेल्या कर्करोगावर पीडीटी हा उपाय नाही. प्रकाश देताना आणि नंतर वेदना होतात, सूज येते. अन्ननलिकेत केल्यास ती नंतर अरुंद होऊ शकते. कुणी ‘लेझरने सगळा कॅन्सर बरा’ अशी जाहिरात करत असेल तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: औषध कोणतं, त्याला कुणाची मान्यता आहे आणि माझा रोग किती खोल आहे. नीट उत्तरं मिळाली नाहीत तर उठून यावं.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी घाणेरी, बावची आणि पुवा, मग राबपासून आजपर्यंतचा इतिहास, मग पेशीत काय घडतं ते, मग एकेक अवयव, शेवटी पथ्यं आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. रसायनाची समीकरणं गाळली आहेत, शास्त्र गाळलेलं नाही. बी. फार्म. आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ते अपुरं वाटू नये आणि रुग्णाच्या मुलीला ते अवघड जाऊ नये, अशी खटपट केली आहे. आशाताईंसाठी तोंडतपासणीचं प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहिलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका तपासायचा, फॉर्म त्या भरतातच. दोन आठवडे न भरलेली जखम आणि तोंड उघडायला होणारा त्रास हे प्रश्न त्यात आहेतच. तो फॉर्म घाईत न भरता प्रत्यक्ष गाल बाजूला करून, जीभ उचलून आत बघितलं, तर लवकरचा टप्पा सापडतो.

मागण्या दोन आहेत. रंगांच्या आणि औषधांच्या रसायनात एवढी पुंजी असलेल्या महाराष्ट्राने एएलएसारखं औषध आणि साधा एलईडी दिवा तालुक्याच्या रुग्णालयाला परवडेल असा करावा आणि त्याच्या रीतसर चाचण्या आपल्याच रुग्णालयांत घ्याव्यात. आणि सुप्यासारख्या एमआयडीसीतल्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्यतपासणीत वजन, रक्तदाब यांच्या बरोबरीने तोंडाची तपासणी धरावी. पहिल्या कामाला वर्षं लागतील. दुसऱ्याला दंतवैद्य, टॉर्च, हातमोजे आणि माणशी पाच मिनिटं लागतात. ते आधी सुरू व्हावं, कारण औषध आणि दिवा येईल तेव्हा त्याचा उपयोग ज्याचा रोग अजून पृष्ठभागावर आहे त्यालाच होणार आहे.

सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर